तिबेटी झी मणी: गोष्ट, श्रद्धा आणि पारख

लेहच्या बाजारात, गंगटोकला किंवा काठमांडूत बौद्धनाथाच्या स्तूपाभोवती फिरलेल्या बहुतेकांच्या नजरेस हा मणी पडलेला असतो. दोन्ही टोकांना किंचित निमुळता, काळपट-तपकिरी, अंगावर दुधी रेषा आणि मधे गोल डोळे. दुकानदार तो मखमलीच्या तुकड्यावर ठेवतो, "दो हजार साल पुराना है" म्हणतो आणि तुम्ही पाठ फिरवलीत की भाव निम्म्यावर आणतो. दोन हजार वर्षं जुनी वस्तू पाच मिनिटांत निम्म्याला यावी, यातच खरं तर पुष्कळ काही कळतं.

या मण्याला तिबेटी लोक झी म्हणतात. चिनी बाजारात त्याचं नाव थ्येन-चू. मणी खरा की खोटा, हा प्रश्न सगळे विचारतात, पण तो प्रश्नच अर्धवट आहे. खरा म्हणजे खरा अकीक (अ‍ॅगेट दगड)? खरा जुना? की तिबेटी माणूस ज्याला झी मानेल तो? तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि फसवणूक होते ती नेमकी या तिन्हींची गल्लत करून. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत: आधी वस्तू, मग इतिहास, मग श्रद्धा, आणि त्यानंतर भिंग.

पायरी १: झी म्हणून काय काय विकलं जातं ते ओळखा

सगळ्यात वर जुना नक्षीचा झी. हा अकीकाचा मणी. नैसर्गिक दगडावर माणसाने रसायन आणि उष्णता वापरून काळी-पांढरी नक्षी आणलेली. तिबेटी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. उघड्या बाजारात, पर्यटकांच्या दुकानात तो मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य धरा.

त्याखालोखाल छोंग. यावर नक्षी केलेली नसते, दगडाचेच नैसर्गिक पट्टे असतात. तिबेटी परंपरेत छोंगलाही मान आहे, फक्त डोळेवाल्या झीएवढा नाही. आपल्याकडे ज्याला सुलेमानी अकीक किंवा सुलेमानी हकीक म्हणतात, त्याचे जुने मणी बऱ्याचदा याच गटात जाऊन बसतात. जुनं काही परवडेल अशा भावात घ्यायचं असेल, तर नवशिक्याने इथून सुरुवात करावी, असं माझं मत.

तिसरा गट नवीन अकीकाच्या झीचा. १९९० च्या दशकात तैवानमध्ये झीची मोठी हौस निर्माण झाली. नवे मणी तिथे आणि पुढे चीनमध्ये भरपूर बनू लागले. दगड अस्सल, नक्षीही दगडात मुरलेली, वय मात्र काही वर्षांचं. यातले काही इतके देखणे असतात की नवा म्हणून, नव्याच्या भावात घेतला तर पैसे वसूल.

उरलेला माल काचेचा, रेझिनचा, हाडाचा किंवा वर रंग मारलेल्या दगडाचा.

पायरी २: इतिहास दुकानातून ऐकू नका

अकीकावर पांढरी नक्षी उठवण्याची विद्या आपल्या उपखंडाची जुनी ओळख आहे. सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी लाल अकीकावर पांढऱ्या रेषा काढलेले मणी हडप्पा, चान्हुदडो इथे सापडले, आणि व्यापारातून गेलेले तसलेच मणी मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजघराण्याच्या कबरींतही मिळाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांमागची गोष्ट.

हे करत कसे, याचं उत्तर पुस्तकातून मिळालं नाही, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हातून मिळालं. पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधल्या सेहवान इथे ही रीत प्रत्यक्ष करून घेतली आणि १९३३ मध्ये तिची नोंद छापली. धुण्याचा सोडा करीर नावाच्या काटेरी झुडपाच्या कोवळ्या फांद्यांच्या रसात कालवायचा, त्या मिश्रणाने बोरूसारख्या लेखणीने मण्यावर नक्षी काढायची, ती सुकवायची आणि मणी निखाऱ्यांत तापवायचा. गार झाल्यावर पुसला की सोड्याच्या जागी पांढरी रेघ दगडात कायमची बसलेली. त्याच वर्षी होरेस बेक यांनी अशा मण्यांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. तक्षशिलेच्या उत्खननातही नक्षीदार अकीक मणी मिळाले आहेत. त्यांच्यावरचा बेक यांचा अहवाल १९४१ चा.

झी याच कुळातला, पण करायला जास्त अवघड. लाल दगडावर पांढरी रेघ एका भाजणीत येते. झीला पांढराही हवा आणि गडद तपकिरीही, आणि दोन्ही दगडात आतपर्यंत मुरलेले. आजचे कारागीर गडद रंगासाठी मणी साखरेच्या पाकात मुरवत ठेवतात आणि मग गंधकाम्लात टाकतात. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेली साखर जळून कार्बन होते आणि दगड काळा पडतो. जुन्या कारागिरांकडे गंधकाम्ल नव्हतं. त्यांनी कोणता क्रम वापरला, आधी सगळा मणी पांढरा केला की आधी काळा, यावर अभ्यासक अजून भांडतात.

मग हे मणी तिबेटात आले कधी? पश्चिम तिबेटात, ङारी प्रांतातल्या झांदा भागात २०१४ मध्ये उत्खननातून झी मिळाला. ती कबर साधारण १८०० ते २००० वर्षांपूर्वीची. हा सगळा मुलूख शांगशुंग नावाच्या जुन्या राज्याचा. तिबेटात बौद्ध धर्म रुजण्यापूर्वीचं ते राज्य सातव्या शतकात ल्हासाच्या सम्राटांनी गिळलं. त्याही आधीचे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे काळे-पांढरे नक्षीदार मणी पामीरच्या पठारावर, ताश्कुर्गनजवळच्या जिरझांकाल स्मशानभूमीत सापडले आहेत. नकाशावर बोट फिरवलं तर तक्षशिला, पामीर, पश्चिम तिबेट हे एकाच व्यापारी वाटांच्या जाळ्यातले टप्पे दिसतात. "हिमालयातल्या गुप्त मठात लामांनी बनवला" ही विक्रेत्यांची आवडती ओळ मात्र या पुराव्यात कुठेच बसत नाही. मठ नंतरचे, मणी आधीचा.

थांग घराण्याच्या चिनी इतिहासात तिबेटी अधिकाऱ्यांच्या दर्जाची चिन्हं दिली आहेत. त्यात सोन्याच्याही वर 'सेसे' नावाचा मणी आहे. हा सेसे म्हणजे झी, असं काही जण म्हणतात. तो पेरोज, म्हणजे निळा-हिरवा टर्क्वाईझ, असावा असं इतरांचं म्हणणं. दुकानात कुणी हा उल्लेख पक्क्या पुराव्यासारखा फेकला, तर वादाची ही दुसरी बाजू त्याला सांगा.

आपला यात संबंध किती? संबंध झीचा नाही, पण दगडाचा आहे. अकीक तयार होतो तो दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत, आणि इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणहून भरूचच्या बंदरात ओनिक्सचा दगड मोठ्या प्रमाणावर जात असल्याचं लिहिलं आहे. नेवासे, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांत अकीकाचे मणी भरपूर निघाले. खंबातचे कारागीर भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला अकीक अजून घासतात. यावरून "तिबेटातला झी पैठणच्या दगडाचा" अशी उडी मात्र घेऊ नका.

पायरी ३: श्रद्धा त्यांच्या तोंडून समजून घ्या

इथे जरा थांबायला हवं, कारण मण्याची किंमत दगडाने ठरत नाही, या गोष्टींनी ठरते.

तिबेटी समजुतीत झी माणसाने बनवलेलाच नाही. तो जिवंत होता. जमिनीखाली राहणारा किडा, माणसाचा स्पर्श झाला की दगड होणारा. डोंगरात एकाला चमचमता किडा सरपटताना दिसला, त्याने चटकन डोक्यावरची टोपी त्यावर टाकली, टोपी उचलली तर खाली झी, ही गोष्ट अनेक रूपांत सांगतात. शेत नांगरताना किंवा गुरं चारताना मणी सापडतात, एकेका ठिकाणी पुष्कळ सापडतात, म्हणजे ते किड्याचं वारूळ. जुन्या कबरी आणि वस्त्या नांगराखाली येत असणार हे आपल्याला लगेच सुचतं. पण ज्याच्या हातात ओल्या मातीतून डोळे असलेला गुळगुळीत दगड येतो, त्याला काय वाटत असेल तेही पाहा.

दुसरी समजूत देवांची. झी हे देवांचे दागिने. त्यात किंचित खोट आली, ओरखडा उठला, की देव तो खाली टाकून देतात. म्हणून पूर्ण निर्दोष झी कुणाला सापडत नाही. ही गोष्ट मला फार आवडते. जुन्या मण्यांवर ओरखडे आणि टवके असायचेच, आणि या गोष्टीने त्या दोषालाच स्वर्गाचा शिक्का मारला.

तिसरी गोष्ट लडाखला लागून असलेल्या रुदोक भागातली. तिथल्या एका डोंगरातून झी ओढ्यासारखे वाहत होते. एका दुष्ट बाईची नजर लागली आणि प्रवाह थिजला. वाहण्याच्या खुणा म्हणून डोंगरावर पट्टे दाखवतात. आणि चौथी गेसर राजाची: तिबेटी महाकाव्याचा हा नायक ताझिग देश जिंकतो, म्हणजे साधारण इराणचा मुलूख, आणि तिथल्या लुटीतून झी घेऊन येतो. विशेष म्हणजे चारांपैकी ही एकच गोष्ट मणी पश्चिमेकडून आला म्हणते, आणि वर पाहिलेले पुरावेही त्याच दिशेला बोट दाखवतात.

ऑस्ट्रियन अभ्यासक रेने द नेबेस्की-वोइकोवित्झ यांनी तिबेटातल्या या प्राचीन मण्यांवर १९५२ मध्ये लेख लिहिला. झीविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांनी पुढे जे लिहिलं त्याचा बराच पाया तो.

झी घातल्याने काय होतं? मुख्य काम रक्षणाचं. वाईट नजर, अपघाती मरण, आणि विशेष करून ग्रहांची बाधा. तिबेटी परंपरेत राहू ही ग्रहदेवता कोपली की झटका येतो, अंग लुळं पडतं अशी समजूत आहे, आणि झी त्यापासून वाचवतो. आपल्याकडच्या बाळाच्या मनगटातल्या दृष्टमण्याशी याचं नातं जवळचं; फरक एवढाच की दृष्टमणी कुणी मुलीच्या लग्नात आहेर म्हणून देत नाही, आणि झी देतात. तो गहाण पडतो, वाटणीत भांडणं लावतो, मेलेल्या माणसाच्या पुण्यासाठी मठाला अर्पण होतो. ल्हासाच्या जोखांग मंदिरातल्या जोवो शाक्यमुनींच्या मूर्तीवरच्या अलंकारांत झी आहेत.

मणी तुटला तर? त्याने मालकावरचं संकट स्वतःवर घेतलं असं मानतात, आणि त्यानंतर त्याची शक्ती कमी झाली किंवा संपली. म्हणून अखंड आणि तुटलेल्या मण्याच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तुटलेला मणी चिकटवून अखंड म्हणून विकण्याचा मोह तिथूनच येतो.

औषधातही झी आहे. तिबेटी वैद्यकात 'रिन्छेन रिलबू' म्हणजे रत्नगोळ्यांचा एक वर्ग असतो. त्यांतल्या काहींत सोनं, मोती, पोवळं यांच्यासोबत झीची संस्कारित भुकटी घालतात. यामुळे जुन्या मण्यांवर कुठे कुठे मुद्दाम खरवडून काढलेले छोटे खड्डे दिसतात. घरातल्या आजाऱ्यासाठी चिमूटभर भुकटी काढलेली. हा उल्लेख इतिहास म्हणून घ्या. घरी मणी उगाळून कुणाला देऊ नका, आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना झाला, तर मणी गळ्यात असो वा नसो, गाडी काढून थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक उपयोग अगदी कारागिरीतला आहे. थांका, म्हणजे कापडावरच्या तिबेटी धार्मिक चित्रांवर सोन्याचा रंग लावल्यावर तो घोटून चमकवायला चित्रकार झीचं गुळगुळीत टोक वापरतात.

पायरी ४: डोळे मोजा, पण छापील यादीवर विसंबू नका

मण्यावरच्या गोलांना डोळे म्हणतात. नऊ डोळ्यांचा झी सर्वांत मोलाचा, हे सगळीकडे मान्य आहे. डोळ्यांशिवाय इतर नक्ष्या असतात: एका बाजूला गोल आणि दुसरीकडे चौकोन असेल तर आकाशद्वार-भूद्वार, वाघाच्या पट्ट्यांसारख्या नागमोडी रेषा, कलश, कमळ. लहान गोल मण्यांत 'लुक-मिक' म्हणजे मेंढीचा डोळा आणि 'ता-सो' म्हणजे घोड्याचा दात हे प्रकार दिसतात. अंगावर लाल ठिपके असले तर बाजार खूश होतो, हिंगूळ म्हणतो. ती दगडातल्या लोहाची करामत.

एक डोळा बुद्धीसाठी, दोन डोळे नवरा-बायकोच्या प्रेमासाठी, तीन धनासाठी, अशी यादी तुम्हाला प्रत्येक ऑनलाइन दुकानावर दिसेल. एकवीस डोळ्यांपर्यंत जाते ती. इतकी काटेकोर वाटणी तैवान-हाँगकाँगच्या अलीकडच्या व्यापारात घडली आहे. जुन्या तिबेटी घरातल्या आजीला विचारलंत तर ती रक्षण, वंश आणि मान एवढ्याच भाषेत बोलेल. यादी मानायची असेल तर माना, पण ती "प्राचीन तिबेटी शास्त्र" म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पायरी ५: मणी हातात घ्या

साहित्य फार लागत नाही. जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग, मोबाइलचा टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, बारीक दोरा.

सुरुवात भोकापासून करा. नक्षीपासून नाही. नक्षीवर नक्कल करणाऱ्याने महिनाभर डोकं लावलेलं असतं, भोकाकडे त्याचं लक्ष कमी असतं. जुन्या मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत मधे भेटत, त्यामुळे ते आत किंचित निमुळतं होतं आणि मधल्या भेटीच्या जागी पायरी किंवा वाकडेपणा असतो. टॉर्च एका टोकाला लावून दुसऱ्या टोकातून पाहा. सरळसोट, एकाच जाडीची, आतून काचेसारखी झळकणारी नळी दिसली, तर ते यंत्राचं काम. मग भोकाची कड पाहा. शेकडो वर्षं दोरा घासला की कड एका बाजूला जास्त झिजते, मऊ वळण येतं, आणि तो भाग बाकीच्या अंगाइतकाच गुळगुळीत असतो. नकली जुनेपणात कड सगळीकडून सारखी घासलेली असते, नाहीतर ताजी टवकलेली.

आता अंग. प्रकाशाखाली मणी हळू फिरवा. जुन्या अकीकावर नखाच्या चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा असतात; मणी एकमेकांवर आपटून आलेल्या. त्या विखुरलेल्या, वेगवेगळ्या वयाच्या असतात: काही पुसट, काही ठळक. आम्लात बुडवून आणलेला जुनेपणा सगळीकडे एकसारखा खडबडीत दिसतो आणि खोलगट जागीही तितकाच, जिथे झीज पोचायला नको होती तिथेसुद्धा. आकारही पाहा. हाताने घासलेला मणी पूर्ण गोल नसतो. तळहातावर गडगडवला तर किंचित लंगडतो.

रेषांसाठी युक्ती सोपी आहे. त्याच दुकानातले तीन "प्राचीन" मणी मागून घ्या आणि ओळीने ठेवा. तिन्हींवर डोळे एकाच मापाचे, एकाच अंतरावर असतील तर प्रश्न मिटला. नंतर टॉर्च मण्याच्या मागे धरा: अकीक असेल तर कडेने थोडा प्रकाश आत शिरतो आणि नक्षीच्या खाली दगडाचे स्वतःचे पट्टे किंवा धुकट ढग दिसू शकतात. काचेत गोल बुडबुडे दिसतात. रेझिनवर साच्याची शिवण. रंग मारलेल्या मालावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला की बोळाच बोलतो, पण हा प्रयोग स्वतःच्या मालकीच्या, नव्या समजलेल्या मण्यावरच करा.

कठीणपणाचं एक. अकीक गारगोटीच्याच जातीचा, मोसच्या मापात ६.५ ते ७. साध्या सुरीच्या टोकाने त्यावर ओरखडा उठत नाही, रेझिनवर लगेच उठतो. मात्र यातून जुना-नवा काहीच कळत नाही, तेव्हा दुकानात सुरी काढून शोभा करून घेऊ नका. तापलेली सुई टोचायचा सल्ला इंटरनेटवर फिरतो, तोही विसरा.

घनता घरी काढता येते आणि ती फार उपयोगी. कोरड्या मण्याचं वजन करा, समजा १३ ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. मणी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तो पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, आणि भोकात हवा अडकू नये म्हणून आत दोनदा हलवून घ्या. आता काट्यावर ५ ग्रॅम दिसले, तर मण्याचं आकारमान ५ घनसेंटिमीटर. १३ भागिले ५, म्हणजे २.६. अकीक २.५८ ते २.६४ च्या आसपास येतो. १.१ ते १.३ आलं तर प्लास्टिक किंवा रेझिन. काच मात्र अडचणीची, तिची घनता अकीकाच्या जवळपास येऊ शकते, म्हणून हा आकडा भिंगातल्या निरीक्षणासोबतच वाचायचा.

इतकं करून जे कळेल ते असं: दगड अकीक आहे की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने. नवा आहे की नाही, हे बहुतेक वेळा. जुना आहेच, असं छातीठोकपणे सांगायला शेकडो अस्सल मणी हाताळलेली नजर लागते. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवालसुद्धा "अकीक, रंगप्रक्रिया केलेला" इथपर्यंत येतो. वय सांगणं तिचं कामच नाही. "लॅब सर्टिफाइड दोन हजार वर्षं" असं कार्ड सोबत मिळालं तर ते कार्डच मण्याविरुद्धचा पुरावा समजा.

पायरी ६: मणी कुठून आला ते विचारा

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: कुणाकडून घेतला, केव्हा, आणि लेखी देता का? बिलावर "प्राचीन झी" असं लिहून द्यायला सांगितलं की पुष्कळ दंतकथा तिथेच गळून पडतात.

१९५९ नंतर तिबेटातून भारत आणि नेपाळमध्ये आलेल्या निर्वासितांनी पोट भरण्यासाठी घरचे दागिने विकले, त्यात झीही गेले. त्यामुळे "एका तिबेटी म्हातारीकडून घेतला" ही गोष्ट अशक्य नाही, आणि म्हणूनच विक्रेत्यांना ती इतकी सोयीची पडते. ज्यांच्याकडे खरा मणी उरला आहे ते सहसा विकत नाहीत. महाराष्ट्रातही तिबेटी वसाहत आहे: गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी कुटुंबांशीही कित्येकांची वर्षानुवर्षांची ओळख असते. त्यांच्याशी झीविषयी जरूर बोला, गोष्टी ऐका. पण गळ्यातल्या मण्याकडे बोट दाखवून "कितीला देता?" असं विचारणं म्हणजे एखाद्या बाईला मंगळसूत्राचा भाव विचारणं. ते करू नका. मण्याला विचारल्याशिवाय हातही लावू नये.

भावाबद्दल एवढंच: नवा अकीकाचा झी शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत मिळतो, अस्सल जुन्याचा हिशेब लाखांत चालतो. मधल्या, म्हणजे चाळीस-पन्नास हजारांच्या "प्राचीन नऊ डोळे" मालापासून सर्वांत जास्त सावध राहा. अस्सलाला तो फार स्वस्त आहे आणि नव्याला फार महाग.

पायरी ७: कायदा

मणी खरोखर जुना निघाला तर जबाबदारीही येते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. नेपाळातही शंभर वर्षांवरील वस्तू बाहेर नेण्यावर बंदी आहे. तिथला पुरातत्त्व विभाग वस्तू तपासून, ती जुनी नसल्याचा दाखला देतो. अमेरिकेत-इंग्लंडात राहणारे मराठी लोक सुट्टीत आले की भेटवस्तू म्हणून असे मणी नेतात. त्यांनी नवा मणी घेतला असेल तर बिलावर तो नवा असल्याचं लिहून घ्यावं. विमानतळावर विक्रेत्याची "दो हजार साल" वाली चिठ्ठी दाखवणं म्हणजे आपणहून अडकणं. आणि जो दुकानदार तुम्हाला अस्सल प्राचीन मणी सहज "बाहेर पाठवून देतो" म्हणतो, तो एकतर कायदा मोडतोय किंवा मण्याबद्दल थापा मारतोय.

पायरी ८: घालायचा आणि सांभाळायचा

तिबेटी पद्धतीत झी बहुधा गळ्यात, दोन्ही बाजूंना पोवळी किंवा पेरोज घेऊन ओवतात. जपाची १०८ मण्यांची माळ वेगळी. झी मोजण्यासाठी नसतो. दोरा मेण लावलेला सुती किंवा रेशमी घ्या, धातूची तार नको, ती भोकाची कड कापते. मण्याच्या दोन्ही अंगांना गाठ किंवा मऊ चकती ठेवा, म्हणजे तो शेजारच्या दगडावर आपटणार नाही.

धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नका, जुन्या भेगा उघडतात. तेल चोळून चमक आणायचा सल्ला विक्रेते देतात. तेलाने ओरखडे झाकले जातात आणि पुढच्या तपासणीला अडथळा येतो. वारशाने आलेला मणी पॉलिशला तर कधीच देऊ नका. झिजलेली कड, चंद्रकोरी, भुकटी काढल्याचे खड्डे हाच त्याचा जन्मदाखला, आणि पॉलिशवाला अर्ध्या तासात तो पुसून टाकतो.

घरात असा मणी असेल तर त्याचे दोन्ही टोकांकडून आणि चारही बाजूंनी फोटो काढा, वजन आणि लांबी लिहा, कुणाकडून कुणाकडे आला ते घरातल्या मोठ्यांना विचारून नोंदवा, आणि तो कागद मण्याच्या डबीतच ठेवा.